ठिबकच्या नळीचा लगाम

मैना घोडी नवरदेवाला पाठीवर घेऊन मोसंबीच्या बागेत शिरली आणि थोड्या वेळानं एकटीच परत आली.

आता हे झालंच नाही, असं धावडा गावानं ठरवलंय. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या, नवरदेवानंही गळ्यात अडकवलेला हात जरा हलवून होकार दिला. म्हणून आपणही तसंच धरून चालू आणि सकाळपासून सांगू.

सकाळी आबाराव मैनेच्या तोंडाशी झटत होता. त्याच्या आज्यानं घोड्यांवर बिऱ्हाड लादून मुलूखभर मेंढरं फिरवली; नातवाकडं ही एकच घोडी उरली होती, वराती करणारी. पण महिना झाला, लगामाला जरा ताण आला की मैना मान आभाळात फेकायची. आबारावानं तोंडातला लोखंडी दांडा बदलून बघितला. दांडा जेवढा बारीक, तेवढी मान वर. ज्यानं जन्मात शेळी ओढली नव्हती, तोही सांगून जायचा, "आबा, हात ढिला हाय तुमचा."

लिंबाखाली बिभीषणाचा टेंपो उभा होता. बिभीषण नको झालेली जनावरं विकत घ्यायचा. तो काही बोलायचा नाही, येता-जाता नुसता रामराम करायचा, तोही घोडीकडं बघून. टेंपोत चारा नव्हता, पाण्याची बादली नव्हती. दोरी तेवढी नवी होती.

"आजची वरात बिघडली तर तिला त्या टेंपोत चढवावं लागंल," आबाराव म्हणाला. "बिथरलेली घोडी कोण नवरदेवाला देतंय?"

"म्हणून तर हे आणलंय, मामा." जावई शिवशंकर जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये होता. त्यानं खिशातून चकचकीत दांडा काढला. "लेथवर करून आणला. आतून काटे हायेत. मानच हलवणार न्हाई."

"टोचंल की तिला."

"टोचायलाच तर हाय ते. गाडी बी ब्रेकबिगर थांबत न्हाई."

"जावईबापू," आबारावाची बायको जयवंताबाई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "तुमच्या चहात दोन खिळे टाकू का? जल्दी पिऊन व्हईल."

ती उठली. दात नसलेल्या कोपऱ्यातून तिनं मैनेच्या तोंडात अंगठा घातला.

"आवं, हे बघा. जिभंवर वळ, ओठाचा कोपरा सोललेला. ही काय माजानं मान उडवून राह्यली का? दांडा अरुंद हाय, गालाला चिमटा बसतो. तिला दुखून राह्यलं अन् तुमी तिच्यावरच खेकसता."

तिनं सासऱ्याचा जुना, जाड आणि गुळगुळीत दांडा आढ्यावरून काढला. दोन्हीकडं बोटभर जागा राहते का ते बघितलं. मग शेतातल्या ठिबकची काळी नळी त्याच्यावर चढवली, टोकं निखाऱ्यावर धरून गोल केली आणि पदरात धरून कोमट केली. मैनेनं आपणहून तोंड उघडलं. आबारावानं लगाम हलकेच घेतला. घोडीनं मान खाली सोडली आणि सावकाश दांडा चघळू लागली. महिनाभर लागत नसलेला फोन पलीकडं कुणी तरी उचलावा, तसं त्याला झालं.

"दोन बोटं ढील ठेवा, बास," जयवंताबाई म्हणाली.

दुपारी वारा पडला. मावळतीकडं आभाळ काळंनिळं सुजलं होतं आणि गावातली कुत्री कधी नव्हे ती गप्प होती. नवरदेवाच्या बापाच्या, मूलचंदशेठच्या, दारात निकासीची तयारी झाली होती. निकासी म्हणजे नवरदेवानं घोडीवर बसून घरातून निघायचं. शेठनं मैनेच्या तोंडाकडं बघितलं.

"आबाराव, हे काय?"

"ठिबकची नळी, शेठ. तोंडाला मऊ."

"अरे, शूटिंग चालू आहे. लोक म्हणतील, मूलचंदनं वरातीला सिंचन केलं."

मंडळी हसली. आबाराव हसला नाही. शिवशंकर खिशात हात घालून जवळ आला. "मामा, पाच मिनिटांचं काम हाय."

आबारावानं मागं वळून बघितलं. जयवंताबाई घरीच होती. एवढी एक गोष्ट बरी झाली, असं त्याला वाटलं. त्यानं दांडा बदलला. काटे आतून होते, वरून सोनेरी गोंडे लोंबत होते.

निकासीला नवरदेवाच्या बहिणीनं घोडीला भिजवलेली हरभऱ्याची डाळ चारायची असते. घोडीनं खाल्ली नाही तर अपशकुन. मुस्काननं थाळी पुढं केली. मैना नुसतं हुंगत राहिली.

"खा गं," आबाराव तिच्या कानात म्हणाला. "खा, माझी बाय."

त्याच्या शब्दाखातर तिनं एक घास घेतला आणि चावला. तोंड वर केलं तेव्हा थाळीतली डाळ लाल झाली होती.

"आबाकाका," मुस्कान हळूच म्हणाली, "हे काय आहे?"

"कुंकू," आबाराव म्हणाला.

"शुभ आहे," भगवतीदेवी, नवरदेवाची आजी, म्हणाली. थाळीत आधीपासूनच कुंकू होतं, असं मग सगळ्यांनाच आठवलं. फोटोवाला म्हणाला, "अजून एक घास होऊ द्या. मघाचा नीट आला नाही."

नवरदेव श्रेणिक घोडीवर बसला. "भाऊ, लगाम ओढून जरा रुबाबात," फोटोवाला म्हणाला.

श्रेणिकनं लगाम ओढला.

त्यानंतर काही झालं नाही. तसं आपलं ठरलंय.

दिवस मावळायच्या आत टेंपो आबारावाच्या दारात आला. जयवंताबाई घरातून बाहेर आली नाही. नळीचा दांडा तेवढा उंबऱ्यावर ठेवलेला होता, कोमट करून. मैनेनं आपणहून तोंड उघडलं आणि आबारावाच्या मागं टेंपोत चढली.

"कमाल हाय," बिभीषण म्हणाला. "वढाताण न्हाई, कायी न्हाई. असं जनावर पैल्यांदाच बघितलं." त्यानं तिला नव्या दोरीनं बांधलं आणि लगाम काढून आबारावाच्या हातात दिला. "हे राहू द्या तुमच्यापाशी. तिकडं लागत न्हाई."

आबाराव टेंपोच्या मागं उभा राहिला. टोपी नीट केली, घसा साफ केला आणि तहसीलात बोलावं तसं बोलला:

"बिभीषणराव, पुढच्या मालकास कळवावे की, सदर घोडी तोंडानं हळवी आहे. तरी तिच्या तोंडी सदरहू नळीच असावी, लगाम दोन बोटं ढिला धरावा, आणि ओढण्यापूर्वी तिची एकवार परवानगी घ्यावी, ही नम्र विनंती."