बिरूची पाटी

चंद्रभान मास्तर जेवायला बसणार, तेवढ्यात दारात आश्रुबा धनगर येऊन उभा राहिला. घोंगड्याच्या घडीतून त्यानं पाटी काढली, तान्हं लेकरू काढावं तशी जपून.

"बिरूची हाय. तवापासून कुनी पुसली न्हाई."

बिरू, आश्रुबाचा एकुलता एक. उन्हाळ्यात मिडलच्या इम्तिहानात बीजगणितात तीन मार्कांनी नापास झाला, शाळा सुटली, मेंढरांमागं लागला. भादव्यात दुधना नदीच्या पुरात कोकरू काढायला उतरला अन् वर आलाच नाही. मास्तर तिसऱ्याला जाऊन आले होते.

"नतीजा आला त्या दिशी त्यानं पेपरातलं हे गनित मांडलं," आश्रुबा म्हणाला. "म्हनला, आबा, माजं बरोबर हाय, मास्तर चुकले. मी कानफटात दिली. मास्तर चुकत आसतोय व्हय? आता तुमीच सांगा. पोरगं खोटं बोललं का?"

मास्तरांनी पाटी उजेडाला धरली. √६क्ष गुणिले √१५क्ष. खाली √९०क्ष². त्याच्या खाली ३क्ष√१०.

आई गं! पोरानं नव्वदातला नऊ ओळखला होता. नवाचे तीन बाहेर काढले, क्षची जोडी होती, तिचा एक क्ष बाहेर काढला, अन् दहाला जोडी नाही म्हणून त्याला मुळाखालीच ठेवला. आणि मास्तरांनी काय केलं होतं? साठ पेपर, डोकं उठलेलं, शेजारी उत्तरांचा कागद. कागदावर √९०क्ष², पोराचं दिसायला निराळं. मारली फुली. त्या फुलीचे पाच मार्क होते. पुढं सोडवून बघायला किती वेळ लागला असता? चुना-तंबाखू मळण्याइतका.

'चुकलं होतं' म्हटलं की झालं. बाप सुटला, मास्तर सुटला, अब्रू राहिली. मेलेलं पोर काय उठून भांडणार आहे? खरं तर तो शब्द मास्तरांच्या तोंडाशी आलाही होता. पण डोळ्यांपुढं पाटी होती, आणि अक्षर लय सुरेख होतं.

"बरोबर हाय, आश्रुबा," मास्तर म्हणाले. "माझ्या उत्तराच्या पुढं गेला होता तो. चुकलो मी. पोरगं पास होतं."

आश्रुबा शिव्या देईल, पाटी डोक्यात घालील, मास्तरांना वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. तो खालीच बसला. उजव्या हाताचा पंजा उलटासुलटा करून बघत राहिला.

"जरा निबर बसली व्हती," तो म्हणाला. "रडला न्हाई. नुसता म्हनला, आबा, चला मास्तरकडं, इचारू." त्यानं घोंगड्यानं तोंड पुसलं. "दोन कोस तर हाय, मास्तर. मी म्हनलं, मेंढरं कोन बघंल."