नेमाचा, सोयीचा, मोकाट

कोर्टात एकतीस वर्षं लघुलेखिका म्हणून काढलेल्या बाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी कानांची सवय सुटली नव्हती. कुणी बोलायला लागलं की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलायची. त्या रविवारी सकाळी त्या आतल्या खोलीत इस्त्री करत होत्या आणि बाहेरचा शब्दन् शब्द कानावर पडत होता.

बाहेर त्यांची मुलगी खेळ चालवत होती. कागद, पेन्सिली आणि फासे, एवढंच त्याला लागायचं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि खेळ चालवणारी सांगेल त्या जगात राक्षस नि जादूगारांमधून वाट काढायची. हा खेळ मुलीने स्वतः रचला होता. एका प्रकाशकाने तो छापायलाही घेतला होता, पण नियमांच्या पुस्तकातलं एक प्रकरण अडून बसलं होतं. दुष्टांचं.

"मी अंधाराचा सम्राट!" मुलगी खलनायकाच्या आवाजात गरजली. "मी सगळं जग भस्म करणार!"

"आणि मग राहणार कुठे?" वायरमनने विचारलं. तो याच इमारतीतली कामं करायचा आणि रविवारी खेळायला यायचा.

"म्हणजे?"

"नाही, जगच जळलं तर ह्याचा पत्ता काय?"

शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई फिदीफिदी हसायला लागल्या. तिसरे खेळाडू ग्रंथपाल म्हणजे तोंडाला कुलूप लावलेला माणूस, पण त्यांनीसुद्धा रुमाल ओठांवर धरला. सम्राटाचा असा पचका झाल्यावर खेळ काही पुन्हा उभा राहिला नाही. अर्ध्या तासात मंडळी उठून गेली.

बाई बाहेर आल्या तेव्हा मुलगी फाशांकडे बघत बसली होती.

"पंधरा दिवस राहिलेत, आई. संपादकांनी प्रकरण दोनदा परत पाठवलंय. म्हणतात, तुझे दुष्ट सगळे एकाच साच्यातले आहेत."

बाईंनी कागद उचलून चष्मा लावला. या खेळात प्रत्येक पात्राची वृत्ती आधी ठरवायची असते: सज्जन, दुष्ट की मधलं. शिवाय ते नियम पाळणारं, नियम झुगारणारं, की दोन्हींची पर्वा नसलेलं, हेही ठरवायचं. म्हणजे नुसत्या दुष्टांचेच तीन प्रकार झाले. मुलीने तिन्हींपुढे जवळजवळ तेच लिहिलं होतं. क्रूर, निर्दय, रक्ताला चटावलेला.

"असा माणूस मी एकतीस वर्षांत पाहिला नाही," बाई म्हणाल्या.

"कसला?"

"स्वतःला दुष्ट समजणारा." त्यांनी खुर्ची ओढली. "एका वसतिगृहाचा अधीक्षक होता. आठ वाजता दार बंद, असा नियम. तापाने फणफणलेलं पोर आठ वाजून चार मिनिटांनी पोचलं, आणि ह्याने ते रात्रभर थंडीत बाहेर ठेवलं. कोर्टात नियमावली घेऊन आला होता. एकदाही आवाज चढवला नाही. म्हणाला, 'एकाला सूट दिली तर शिस्त कसली?' आणि त्याला खरंच तसं वाटत होतं गं."

मुलीने पेन्सिल हातात घेतली.

"दुसऱ्याने आजारी भावाची औषधं बंद केली. मला वाटलं, जुनं वैर असेल. छे! तो म्हणाला, 'राग नव्हता हो, मला त्याची खिडकीची खोली हवी होती.' नियम आड आला तर मोडायचा, कामाचा असला तर पाळायचा. सगळा सोयीचा मामला."

"आणि तिसरा?"

"लाकडाची वखार पेटवली होती एका तरण्याने. का, तर जळताना कशी दिसते ते बघायचं होतं. सगळ्या आरोपींत तोच माझ्याशी सर्वांत गोड बोलला. त्याला कसलाच लगाम नव्हता. मोकाट."

मुलीने वर बघितलं. "नेमाचा दुष्ट, सोयीचा दुष्ट, मोकाट दुष्ट."

"हं. तुला काय लिहायचंय ते लिही."

"लिहीन. पण पुढच्या रविवारी दुष्ट तू व्हायचंस."

"मी? मला त्या फाशांतलं ओ की ठो कळत नाही!"

"फासे मी बघते. तू फक्त बोल."

बाईंना हसू आलं. भरल्या कोर्टात त्यांनी उभा जन्म काढला होता, आणि तिथलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य होतं, 'पुन्हा सांगता का?'

रविवारी त्या इस्त्रीची साडी नेसून टेबलाच्या टोकाला बसल्या. खेळात त्या एका पुलाच्या रखवालदार होत्या. चाळीस गावकऱ्यांना त्यांनी चाकर करून पुलाखालच्या कोठड्यांत ठेवलं होतं, आणि तिघा खेळाडूंना त्यांची सुटका करायची होती.

"दार उघड, नाहीतर मुंडकं उडवीन!" डॉक्टरीणबाईंच्या पात्राने तलवार उपसली.

"नमस्कार," बाई शांतपणे म्हणाल्या. "शस्त्र उपसल्याची नोंद डावीकडच्या वहीत करायची असते. नाव सांगता का?"

डॉक्टरीणबाई हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या.

वायरमनने सोन्याची थैली पुढे केली. "हे ठेवा, आणि जरा डोळेझाक करा."

"ते नियमात बसत नाही."

"काकू, त्या कोठडीत म्हातारी माणसं आहेत हो! त्यांना दया नाही दाखवणार?"

"दाखवली असती," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरोखर खेद होता. "पण ती सूर्यास्तानंतर पुलावर सापडली. पाटीवर स्पष्ट लिहिलंय. मी काय करणार?"

वायरमनने थैली मागे घेतली. "आईशप्पथ, हा तर त्या सम्राटापेक्षा भयंकर आहे," तो पुटपुटला. मुलीने टेबलाखाली आनंदाने मूठ आवळली.

तेवढ्यात ग्रंथपाल खाकरले. "मी काठावर उभा आहे. पुलावर पाय ठेवलेला नाही. मला पाटी वाचून दाखवाल का? इथून दिसत नाही."

"जरूर." रखवालदाराला याहून आवडीचं काम नव्हतं. बाई पुलाच्या मध्यावर गेल्या, म्हणजे तसं त्यांनी जाहीर केलं, आणि मुलीने लिहून दिलेले नियम वाचू लागल्या. सूर्यास्तानंतर पुलावर सापडेल तो चाकर. चाकराने कुणाला अडवू नये. चाकराने किल्ल्या बाळगू नयेत. ग्रंथपाल प्रत्येक नियमावर शंका काढत राहिले आणि बाई रंगून जाऊन समजावत राहिल्या.

मग ग्रंथपालांनी मुलीकडे वळून हळूच विचारलं, "सूर्य कुठे आहे?"

मुलीने वेळेचा तक्ता बघितला. तिचे डोळे मोठे झाले. "मावळला. आत्ताच."

"रखवालदार पुलावरच आहेत ना?"

बाईंच्या हातून पाटीचा कागद खाली आला. नियमांतली ही मेख त्यांच्या लक्षातच आली नव्हती. 'नियम मला लागू नाहीत,' असं त्यांना म्हणता आलं असतं. सोयीचा दुष्ट तेच म्हणाला असता. मोकाटाने हसत पूलच पाडला असता. त्यांच्या डोळ्यांपुढे तो अधीक्षक आला, शर्टाचं वरचं बटण लावलेला, पाठ ताठ. त्याने काय केलं असतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी कंबरेला लावलेला घरच्या किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावरून ग्रंथपालांकडे सरकवला.

"नियम म्हणजे नियम," त्या म्हणाल्या.

एकच गिल्ला झाला! वायरमन खुर्चीवर उभा राहिला. एकही फासा न टाकता लढाई जिंकली गेली होती, आणि डॉक्टरीणबाई ग्रंथपालांची पाठ थोपटत होत्या. ग्रंथपाल चक्क मोठ्याने हसत होते. "चाळीसच्या चाळीस सुटले!" असं ते तीनतीनदा म्हणाले. आणि हरलेल्या बाई सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवत होत्या.

त्याच आठवड्यात मुलीने प्रकरण लिहून काढलं. दुष्ट दिसतो कसा, हे त्यात कुठेच नव्हतं. तो कशापुढे थांबतो आणि कशापुढे थांबत नाही, एवढंच होतं, आणि नमुन्यादाखल आईने रंगवलेला तो पुलाचा रखवालदार. संपादकांचा चार दिवसांत फोन आला. एकही शब्द बदलायचा नव्हता. फक्त त्यांना आपल्या कचेरीतल्या माणसांसाठी तो पुलाचा खेळ हवा होता, आणि रखवालदार त्याच बाई हव्या होत्या.

"त्यांना सांग, येते," बाई म्हणाल्या. "पण दुष्ट दुसऱ्या कुणाला तरी करा म्हणावं. मला या वेळी तलवार पाहिजे."