चार अक्षरांचा सदरा

सोमवारी चारच्या आत ‘टेक’ लावून दिलं नाही, तर ते उपसर्गाकडे जाणार होतं.

उपसर्ग म्हणजे इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीतला शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ. कुणाच्याही कामाच्या पुढे जाऊन चिकटायचा, म्हणून हे नाव. आणि ‘टेक’ म्हणजे ते साधंसुधं इंग्रजी क्रियापद, ज्याचा अर्थ ‘घेणे’ असा सांगून शाळेतली पोरं मोकळी होतात. त्याच कचेरीत काम करणारी सूनबाई मात्र अकरा महिने त्याच्याशी झटत होती. चारशे बारा कार्डं, एकेका कार्डावर एकेक वाक्य, आणि एकही अर्थ दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायला तयार नाही. तिच्या हाती आलेलं हे पहिलंच मोठं क्रियापद. ते गेलं की पुन्हा जन्मभर भाज्यांची आणि पक्ष्यांची नावं.

रविवारी दुपारी तिनं पलंगावर कार्डांच्या वीस रांगा मांडल्या आणि चहा टाकायला गेली. परत येऊन बघते तो पलंगावर आत्याबाई आडव्या. कार्डं उशाशी, एकाच ढिगात, वर चष्मा.

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. सदऱ्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलापाशी तीस वर्षं उभी राहिलेली बाई. इंग्रजीशी तिची तोंडओळखही नव्हती.

“आत्याबाई! माझे अकरा महिने!”

“अगं, पाठ टेकायला जागा नव्हती. मला वाटलं, पत्ते मांडलेस.”

सूनबाई मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचं.

“रडू नकोस. एकदा माझ्या हातून साडेसातशे बाह्या जमिनीवर सांडल्या होत्या. ऊठ, वाच एकेक.”

“तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“बाहीला तरी कुठे कळत होतं मी कोण ते? आधी सांग, हे बेणं दिसतं कसं?”

“चार अक्षरं. टी, ए, के, ई. शेवटचा ई बोलत नाही, नुसता बसून असतो. पण त्याच्या धाकानं आधीच्या एचा सूर बदलतो.”

“आमच्या सासूबाई,” आत्याबाई म्हणाल्या. “आणि माहेर कुठलं?”

“उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचं. त्यांच्या गलबतांतून इंग्रजीच्या घरात शिरलं आणि घेण्याचं काम करणाऱ्या तिथल्या जुन्या क्रियापदाला हुसकून बसलं. त्या बिचाऱ्याचा एक तुकडा उरलाय, ‘नम’. म्हणजे बधिर.”

“घर गेल्यावर दुसरं काय होणार!”

मग सूनबाई वाक्य मराठीत सांगू लागली आणि आत्याबाई ते हातानं करून बघू लागल्या. काठी घेतली. पोराला शाळेत नेलं. औषध घेतलं. दोन तास लागले. मनाला लावून घेतलं. मधूनच त्या गुणगुणत होत्या:

बाही गं बाही बाई, तुझं अंग कुठे गेलं
चार अक्षरांच्या पोरा, घर कुणाचं तू नेलं

“तुझं चुकलं कुठे सांगू? दिसायला सारखे ते तू एकत्र ठेवलेस. पांढरी बाही पांढऱ्या कॉलरजवळ. तुकडा दिसतो कसा ते बघायचं नाही, शिवला कुठे जाणार ते बघायचं.”

मग कार्डांचे गठ्ठे पडू लागले. हात पुढे जाऊन धरतो, ते सदऱ्याचं अंग. हात धरून चालू लागतो, त्या बाह्या. औषध, श्वास, अपमान, जे जे आत जातं, तो खिसा. वेळ लागतो, जागा लागते, ते कापडाचं माप.

“कपडे काढले, यातही तेच?”

“त्याला ‘ऑफ’ जोडायचं. विमान उडतं, त्यालाही तेच जोडपं.”

“एकाच शब्दात माणूस उघडा आणि विमान वर? बटणांत टाक. बटणं कुठेही लागतात.”

दिवेलागणीला एकच कार्ड उरलं. उगमाचं. इंग्रजीच्या भावकीतल्या एका भाषेत, जी आता कुणीच बोलत नाही, याच धातूचा अर्थ होता ‘हात लावणे’.

“हा अर्थ इंग्रजीत उरला नाही. बाजूला ठेवू?”

“वेडी का काय! हा तर धागा. हात लावल्यावाचून कुणी कधी काही घेतलंय?”

सोमवारी पावणेचारला सूनबाईनं कार्डांचं खोकं संपादकांच्या टेबलावर ठेवलं. त्यांना कचेरी ‘पूर्णविराम’ म्हणायची, कारण त्यांच्यापुढे कुणाचंच वाक्य जात नसे. त्यांनी वरची कार्डं वाचली.

“‘हात लावणे’ सुरुवातीला कशाला? उगम शेवटी, हा नियम. आणि हे पाच गठ्ठे? असं कुठल्याच कोशात नाही.”

“नाही ना, साहेब,” उपसर्ग कधी येऊन उभा राहिला कळलंही नाही. “आठवड्यात सरळ करून देतो.” आणि त्यानं खोक्याकडे हात नेला.

सूनबाईचा तळवा खोक्यावर धाडकन पडला. “हात लावायचा नाही!”

सगळ्या कचेरीची मान वळली. पूर्णविराम त्या तळव्याकडे बघत राहिले, मग उपसर्गाच्या अधांतरी बोटांकडे. घड्याळात चारला पाच कमी होते.

“आलं लक्षात,” ते म्हणाले. “‘हात लावणे’ वरच राहू दे. गठ्ठेही. तुम्ही जागेवर बसा हो,” हे उपसर्गाला. “बाई, ही मांडणी कुठल्या पंडिताची?”

“आमच्या आत्याबाईंची. त्या झोपल्यात.”

“उठल्या की विचारा,” पूर्णविरामांनी कपाटातून दुसरं खोकं ओढून तिच्यापुढे सरकवलं, “‘टर्न’ची सहाशे कार्डं आहेत म्हणावं. पलंग केवढा आहे?”