खाऱ्या पाण्याचा उपास

ज्या माणसानं रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी गाडीला हिरवी झेंडी दाखवण्यात घालवली, त्याला म्हातारपणी हिरव्या रंगाचा एवढा राग यावा, हे पाहून कोणालाही हसू आलं असतं. पण आनंदरावांसमोर हसायची सोय नव्हती. हातात जुनं ब्लेड, दुसऱ्या हातात दात घासायचा ब्रश, बाह्या दंडापर्यंत वर, आणि तोंडानं शेवाळाच्या सात पिढ्यांचा उद्धार, असा त्यांचा त्या उन्हाळ्यातला अवतार होता.

त्यांच्या बैठकीत, दिवाणाच्या बाजूला, काचेची एक टाकी होती. नागपुरात तेव्हा हौशी लोकांकडे मासे असत, नाही असं नाही; पण ते गोड्या पाण्यातले. आनंदरावांच्या टाकीत समुद्राचं पाणी होतं, खरंखुरं, मुंबईचं. ते कॅनमधून यायचं, गार्डाच्या डब्यात बसून. गाडीवरचा गार्ड बदलला की नवा जुन्याला विचारायचा, "हे काय गा, दारू तं नाही ना?" जुना सांगायचा, "आनंदरावच्या जावयानं पाठवलं. सांडू नको." आणि नागपूर स्टेशनावर आनंदराव सायकल घेऊन उभेच.

जावई म्हणजे मार्तंड. जातीनं कोळ्याचा पोरगा, मुंबईत समुद्री मासे विकायच्या दुकानात कामाला. त्यानंच टाकीची सगळी मांडणी पाठवली होती: खडकाचे दोन तुकडे, त्यातल्या एकाला चिकटलेलं फुलासारखं दिसणारं जनावर, काळ्या पट्ट्यांचे दोन पिवळसर मासे आणि शंखात राहणारा एक खेकडा. सासऱ्याला निवृत्तीनंतर करमावं म्हणून. सासऱ्याला करमलं. सासूचं काय, हा प्रश्न वेगळा.

सिंधूताई त्या टाकीकडे पाहत नसत. त्यांची एकुलती एक जया बँकेच्या नोकरीसाठी मुंबईला गेली, तिथं मार्तंडशी नोंदणी लग्न केलं आणि मग घरी कळवलं. सिंधूताईंना जातीचं दुःख झालं असेल, नाही कशाला म्हणा; पण त्या बोलून दाखवत ते वेगळंच. "साऱ्या सदर मोहल्ल्यातल्या लग्नाईत मी वाढलं. माह्या पोरीच्या लग्नात मले एक पुरी वाढू देली नाही कोनी." तेव्हापासून दोन वर्षं त्यांनी जयाशी बोलणं टाकलं होतं. तिची पत्रं आनंदराव मोठ्यानं वाचत आणि सिंधूताई तेव्हा स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटत.

तर शेवाळ. आधी काचेवर नुसती हिरवी झाक आली. मग खडकाला केस फुटले. हिरवे, लांब, बुळबुळीत. आज खरवडावं तर चार दिवसांत पुन्हा तितकेच. त्या फुलासारख्या जनावरानं तोंड मिटून घेतलं. आनंदरावांनी खिडकीला पुठ्ठा लावला, दिवा काढून टाकला, पाणी बदललं. शेवाळाला त्याचं काहीच वाटलं नाही. आता तर मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले होते. जावयानं विश्वासानं पाठवलेले जीव आपल्या हातून मेले तर मार्तंडला काय सांगायचं, आणि त्याहून वाईट, मेल्यावर या घरात जयाचं असं काय राहणार?

ओमप्रकाशच्या औषधाच्या दुकानात फोन होता. तिथून त्यांनी मुंबईला मार्तंडच्या दुकानावर ट्रंक कॉल लावला.

"बाबा, खाणं जास्त होतंय," मार्तंड म्हणाला. "उरलेलं कुजतं, त्यावर ते पोसतं."

"अरे, मी एक चिमूट टाकतो. देवाशप्पथ."

"घरात आणखी कोणी घालतं?"

"कोन घालनार? तुही सासू तं तिकडं पाहत बी नाही."

मार्तंडनं तो विषय सोडला. मग म्हणाला, "एक उपाय आहे. टाकीवर जाड चादर टाका. हवेचा पंप चालू ठेवा. तीन दिवस उजेड नाही आणि दाणाही नाही. माशांना काही होत नाही, पण शेवाळ मरतं."

आनंदराव घरी आले आणि चादर शोधायच्या आधी एकदा शेवटचं खरवडावं म्हणून टाकीसमोर बसले. तेवढ्यात तो शंखातला खेकडा खडकामागून आला. त्याच्या नांगीत भाताचं शीत होतं. तुपानं चकचकणारं. आनंदरावांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. शीतच होतं. चादरीचं त्या दिवशी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कूलरसमोर दिवाणावर पडले आणि घोरायचं सोंग केलं. सिंधूताईंनी देवाला नैवेद्य दाखवला. स्वतःचं ताट वाढून घेतलं, पण बसल्या नाहीत. नैवेद्यातला वरणभात बोटांच्या टोकावर घेऊन त्या पावलं न वाजवता टाकीपाशी आल्या.

"खा बापा," त्या पाण्याला म्हणाल्या. "पोरीच्या घरचे हा तुमी. तुमाले टाकून मी कशी जेवू?" आणि भात सोडला. चिमूटभर नाही, चांगला घासभर. मग पुन्हा, आणखी हळू आवाजात, "तिकडं ती जेवते का नाही वेळेवर, कोन जाने. सकाळी घाईत तशीच जाते ते. लहानपनापासून तशीच हाय."

आनंदराव कुशीवर वळले ते तोंड भिंतीकडे करूनच. त्यांचे डोळे भरून आले होते आणि घोरायचं तर सोंग चालू ठेवायचं होतं, म्हणून नाकातून विचित्र आवाज निघाला. सिंधूताई घाईनं आत गेल्या.

आता आली पंचाईत. भात बंद करायला सांगावं तर बाई लाजणार, आणि एकदा लाजली की टाकीकडं फिरकणार नाही. दोन वर्षांत लेकीच्या दिशेनं तिचं हे एकच पाऊल पडलं होतं, ते आपणच मागं घ्यायला लावायचं का? आणि न सांगावं तर मासे मरणार. आनंदरावांनी संध्याकाळपर्यंत विचार केला आणि सगळं मार्तंडच्या गळ्यात घातलं.

"जावयानं सांगतलं हाय," ते चादर पसरत मोघम म्हणाले, "तीन दिवस अंधार. आन एक कण बी नाही टाकायचा कोनी."

सिंधूताई दारातच थबकल्या. "तीन दिवस? उपाशी? माह्या घरात?"

"तुले काहून त्याचं? तू तं त्याईले पाहत बी नाहीस."

सिंधूताई आत निघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी आनंदरावांना ताट वाढलं आणि स्वतः नुसत्या बसून राहिल्या. एकादशी नाही, चतुर्थी नाही.

"जेवत काहून नाही तू?"

"भूक नाही."

तिसऱ्या दिवशीही भूक नव्हती. बाई साठीची, बाहेर वैशाखाचं ऊन, आणि पोटात नुसतं पाणी. दुपारी भिंत धरून चालताना पाहिल्यावर आनंदराव मात्र भडकले. "अवं, मरशील तू. मासे जगतीन आन तू मरशील."

"घरातला जीव उपाशी असला का माह्या घशाखाली नाही उतरत," सिंधूताई म्हणाल्या. "माही माय तशीच होती, मी बी तशीच हाय. तुमी चादर काढा."

"मी नाही काढत. ज्यानं सांगतलं त्याले इचार."

आनंदराव हे नुसतं रागात बोलून गेले होते. पण सिंधूताईंनी पायात चपला घातल्या. "चला मग. लावा त्याले फोन."

ओमप्रकाशनं काकूंसाठी स्टूल पुढं केलं, पाणी दिलं. कॉल लागेपर्यंत संध्याकाळ झाली. रिसीव्हर हातात आला तशी सिंधूताईंनी आधी डोक्यावरून पदर घेतला, नीट, कपाळापर्यंत, आणि मगच तो कानाला लावला. ज्या जावयाचं नाव दोन वर्षांत घेतलं नव्हतं, त्याच्याशी बोलायचं होतं.

"मी जयाची माय बोलून राहिले. तुमी सांगतलं म्हनून त्या जीवाईले उपाशी ठेवलं आमी. आता बस झालं. मी त्याईले घास देनार हाय."

"आई," मार्तंड म्हणाला, "आजची रात्र फक्त. उद्या सकाळी चादर काढा आणि तुमच्याच हातानं घाला. पण चिमूटभर. भात नको."

सिंधूताईंनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. आनंदराव शेल्फावरच्या औषधांची नावं वाचत होते.

"भाताचं कोनी सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही. बाबा तर शपथ घेत होते की घरात कोणी खायला घालत नाही. पण शेवाळ वाढतंय हे मी घरी येऊन सांगितलं, आणि जया एकदम म्हणाली, आई भात घालत असणार. देवाचा घास झाला की त्यांना. मी म्हटलं, त्या तर टाकीकडे पाहत नाहीत. त्यावर ती आधी हसली आणि मग कितीतरी वेळ रडत बसली. आई, त्या दिवसापासून ती रोज मला विचारते, शेवाळ आहे ना अजून?"

सिंधूताईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आनंदरावांना पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं. बायकोचा चेहरा तेवढा दिसत होता. ते पुढं झाले आणि त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. ओमप्रकाशच्या देखत, भर दुकानात.

"ती तिथं हाय का?" सिंधूताईंनी विचारलं.

"आहे ना, बँक सुटल्यावर इथंच आलीय," मार्तंड म्हणाला, आणि पलीकडे रिसीव्हर जयाच्या हातात गेला. "आई," जया म्हणाली, आणि तिला पुढं काही बोलता आलं नाही. इकडे सिंधूताईंनाही आलं नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून त्या रडत होत्या, आणि मुंबईत लेक रडत होती, आणि दोघींच्या मध्ये तारेची नुसती खरखर चालू होती.

मग एक्स्चेंजमधल्या बाईचा आवाज आला. तीन मिनिटं झाली, कॉल बंद करू की वाढवू?

सिंधूताईंनी नाक पुसलं.

"वाढवा ना बाई," त्या म्हणाल्या. "अजून तं बोललोच नाही आमी."