चुकीचा कडा

मित्रांनो, आफ्रिकेतल्या लेसोथो देशाच्या डोंगरांत म्हातारी झालेली मी एक दुर्बीण. कोणत्या कारखान्यात माझ्या काचा घासल्या, ते आता आठवत नाही. मामोथेपानेबाईंच्या गळ्यात मात्र मी इतकी वर्षं लटकले, की त्यांच्या छातीची धडधडसुद्धा मला ओळखू येते. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई गावकऱ्यांना घेऊन पाखरं बघायला डोंगर चढत.

त्या वसंतात पीचची झाडं फुलली होती. कड्यावरच्या घरट्यात दाढीवाल्या गिधाडाचं एकुलतं पिल्लू होतं. आदल्या साली असंच एक पिल्लू चोरीला गेलं होतं, म्हणून सगळे सावध होते.

त्या सकाळी खाउहेलो नावाचा मेंढपाळ आमच्यात येऊन मिसळला. पाखरांकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"बाई, गिधाडाचा कडा नेमका कुठला?"

"का रे, सोयरीक जमवायचीय?" आमच्यातला त्सेकोम्हातारा खवचटपणे म्हणाला. सगळे हसले. खाउहेलो हसला नाही.

"सांगा ना बाई. त्याच्या खाली जायची वाट कुठून आहे?"

बाईंची माझ्यावरची पकड घट्ट झाली. त्यांनी ओढ्यापलीकडचा भलताच कडा दाखवला. घोंगडी सावरत तो जवळजवळ पळतच निघाला.

"चोराच्या मनात चांदणं," त्सेको पुटपुटला.

बाई मला त्याच्यावरच रोखून बसल्या. तो दगडांमागे, झुडपांत वाकून काहीतरी शोधत होता. वर मात्र त्याने एकदाही पाहिलं नाही. मला ते खटकलं. पण मला फक्त दाखवता येतं, बोलता येत नाही.

एकदम त्सेको ओरडला. बाईंनी मला वळवलं. घरट्याच्या खऱ्या कड्याखाली एक मेलेली मेंढी पडली होती. तिच्याशेजारी नर गिधाड पंख आपटत होतं. बघता बघता ते निपचित पडलं.

खाउहेलो धापा टाकत परतला.

"भावानं कोल्ह्यांसाठी मेंढीत विष घातलंय. 'गिधाडाच्या कड्याखाली' एवढंच बोलला. ती मेंढी पुरायला आलो होतो मी."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सख्खा भाऊ आहे, बाई. तुरुंगात जाईल तो. आणि तुम्ही तरी मला कुठं खरं सांगितलंत?"

सगळ्यांनी मिळून मेंढी पुरली, वर दगड रचले. उन्हं कलताना मादी एकटीच हाड घेऊन घरट्यात उतरली. पिल्लू चोच उघडून पुढे आलं. बाईंच्या डोळ्यांतल्या पाण्याने माझ्या काचा धुरकटल्या.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, मऊ फडक्याने पुसा. पाखरं दाखवायला मी आहेच. पण माणसाला माझ्यातून पाहू नका. त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा.