सुईची चपटी बाजू

ब्लॉग लिहिणाऱ्यांच्या संमेलनाला मी गेलो, तो ब्लॉग बंद करायचं मनाशी ठरवूनच. सुनेने परस्पर नाव नोंदवून टाकलं होतं आणि मला फक्त तारीख सांगितली. एकदा जाऊन या, मग बंद करायचा तर खुशाल करा, असं तिचं म्हणणं. ती बोलते मऊ, पण समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवत नाही.

मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. एकेचाळीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. बॉबिन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू तिळाएवढा असतो. एका दुपारी तो माझ्या हातून तीनदा निसटला. तिसऱ्यांदा मी जमिनीवर बसून कपाटाखाली चाचपडत होतो आणि गिऱ्हाईक बिचारं भलतीकडे बघत होतं. माझ्या हाताखाली कोणी नाही. मुलगा कंपनीत आहे, त्याला साधं बटण लावता येत नाही. डोक्यात आहे ते माझ्याबरोबरच जाणार, या धास्तीने मी त्याच आठवड्यात ब्लॉग सुरू केला. एका बोटाने टाइप करत करत एकशे बारा लेख लिहिले. हातचं काही राखून ठेवलं नाही. वस्तादाने मला दहा वर्षांत चमच्याचमच्याने दिलं, ते मी फुकट ओतून टाकलं.

आणि दोन वर्षांत 'तुमचं वाचून माझी मशीन चालू झाली' असं एकानेही लिहिलं नाही. लोक यायचे, अर्धा मिनिट थांबायचे आणि जायचे. काही जण तक्रार करायचे. त्यांना मी उत्तरं द्यायचो, पण त्या उत्तरांबद्दल पुढे सांगतो. एकूण काय, हे काम लिहून शिकवता येत नाही असा निष्कर्ष मी काढला होता. तसं असेल तर माझ्या हाताबरोबर सगळं संपलं. ते मान्य करायचं होतं, इतकंच उरलं होतं.

संमेलन एका मोठ्या सभागृहात होतं. दारात एका मुलीने माझ्या गळ्यात पट्टी अडकवली आणि विषय विचारला. माझ्या पुढच्यांचे विषय मी ऐकले होते. प्रवास, त्वचेची निगा, प्रवास, बचत, पुन्हा प्रवास. एवढी माणसं घराबाहेर असतात तर लिहितात कधी, कोण जाणे. मी म्हणालो, शिलाई मशीन दुरुस्ती. ती म्हणाली, म्हणजे फॅशन का? मी म्हणालो, नाही, तेल आणि वंगण. तिने पट्टीवर 'इतर' असं लिहिलं.

पहिला वक्ता कानाला माइक लावून मंचभर असा फिरत होता की याचं काहीतरी हरवलंय असं वाटावं. त्याचं सांगणं, की शीर्षकात आकडा हवा, पहिल्याच ओळीत वाचकाचं काळीज हललं पाहिजे आणि रोज काही ना काही टाकलंच पाहिजे. माझ्या पहिल्या ओळीत बहुतेक वेळा सुई मोडलेली असते. ज्याची मोडली आहे त्याचं काळीज हलतही असेल. दुसऱ्या वक्त्याने पडद्यावर आलेख दाखवले आणि वाचक कुठल्या ओळीला पळून जातो ते कसं शोधायचं ते सांगितलं. वाचक का पळतो, यावर तो काही बोलला नाही. मी वहीत एक ओळ लिहिली होती, तीही खोडली. शेजारचा तरुण दर दोन मिनिटांनी स्वतःचाच फोटो काढत होता. मला वाटलं, उठावं आणि घर गाठावं. पण सून संध्याकाळी उलटतपासणी घेणार, म्हणून जेवणानंतरच्या कार्यशाळेला जाऊन बसलो.

ती कार्यशाळा एक ग्रंथपाल बाई घेत होत्या. त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि आमच्या जोड्या लावल्या. आपला एक लेख शेजाऱ्याला द्यायचा. त्याने तो मोठ्याने वाचायचा आणि लिहिलंय तसंच करायचं, निदान हातवारे तरी. लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. ही शेवटची अट ऐकूनच मला घाम फुटला.

माझ्या वाट्याला एक बेकरीवाली आली. पन्नाशीची, दणकट मनगटांची. ती ब्लॉगवर फसलेल्या केकबद्दल लिहायची. आधी मी तिचा लेख वाचला. 'पीठ पुरेसं फुगलं की भट्टीत टाका' इथे मी अडलो आणि नुसता बसून राहिलो. पुरेसं म्हणजे किती? तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग तिने माझा लेख घेतला. मशीन शिवताना मधेमधे टाका सोडत असेल तर काय करावं, हा माझा सगळ्यात लाडका लेख. ती टेबलाशी सरळ बसली, समोर मशीन आहे असं धरून कोपरं टेकली आणि वाचायला लागली. "डाव्या हाताने चाक फिरवून सुई वर आणा." तिचा उजवा हात आपसूक वर गेला, हवेतल्या चाकाकडे. तो हात तिथेच थांबला.

"काका, चाक उजवीकडे असतं," ती म्हणाली.

मी अट मोडली. म्हणालो, डावीकडे असतं. ती म्हणाली, तिच्या आईने जन्मभर लोकांचे कपडे शिवले आणि ती त्या मशीनखाली बसून अभ्यास करायची. चाक उजवीकडेच. मी म्हणालो, बाई, मी एकेचाळीस वर्षं चाकं फिरवतोय. ती म्हणाली, मग चुकीच्या हाताने फिरवताय. माझ्या नाकाला चांगल्याच मिरच्या झोंबल्या. दोघांचा आवाज चढला, तसे आजूबाजूचे लोक केक आणि प्रवास सोडून आमच्याकडे बघायला लागले. ग्रंथपाल बाई आल्या आणि शांतपणे मला विचारलं, "मशीन दुरुस्त करताना तुम्ही कुठे बसता?"

उत्तर द्यायला म्हणून मी दुकानातला काउंटर डोळ्यांसमोर आणला.

मी बसतच नाही. मी काउंटरच्या आत उभा असतो. मशीनचं तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ माझ्याकडे. वस्तादाची शिकवणच तशी. गिऱ्हाइकाने समोरच्या स्टुलावर बसल्या बसल्या टाका घालून बघावा, मशीन सारखी फिरवायला लागू नये. एकेचाळीस वर्षं मी मशीन मागून बघत आलो. माझं डावं ते शिवणाऱ्याचं उजवं, माझं पुढे ते त्याचं मागे. आणि एकशे बारा लेख मी माझ्या बाजूने उभं राहून लिहिले होते. फोटो असते तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण हात हलतो, फोटो पुसट येतात, म्हणून मी ते टाकलेच नव्हते.

त्याच लेखात पुढे होतं, सुईची चपटी बाजू उजवीकडे ठेवा. मशीनच्या सुईचं वरचं टोक एका बाजूने चपटं असतं, आणि त्या लेखातल्या मशीनला ते शिवणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे उलटं बसवलं, तर ती हमखास टाका सोडते. म्हणजे टाका सोडणारी मशीन कशी दुरुस्त करावी ते वाचून लोकांच्या चांगल्या मशीनही टाका सोडायला लागल्या असतील.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसलो आणि मोबाइलवर माझी जुनी उत्तरं काढली. एका बाईंनी लिहिलं होतं, सांगितलं तसं केलं, अजून टाका सोडतेच. मी उत्तर दिलं होतं, नीट वाचा. त्यांनीच पुन्हा लिहिलं होतं, चारदा वाचलं. मी लिहिलं होतं, पाचव्यांदा वाचा. एका माणसाने अगदी नम्रपणे विचारलं होतं, माझ्या मशीनचं चाक उजवीकडे आहे, तरी चालेल का? त्याला मी लिहिलं होतं, तुमची मशीन एकदा तपासून घ्या. अशी चौदा माणसं निघाली. चौदाही जणांचं बरोबर होतं आणि मी त्यांच्यावर डाफरलो होतो. मला लाज वाटली. त्यातही बायकोची आठवण आली, ती लाजेहून जड होती. चार वर्षांपूर्वी ती गेली. घरात मशीनवर बसणारी ती एकटीच. ती असती तर पहिला लेख वाचूनच म्हणाली असती, अहो, इकडे येऊन बसा आणि मग सांगा.

बेकरीवाली दोन कप चहा घेऊन आली. माझा हात बघून तिने माझा कप अर्धाच भरून आणला होता. मी तिला म्हणालो, आता बंदच करतो, लोकांचं नुकसान तरी थांबेल. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बहुतेक तिच्या भट्टीवरचे लोकही घाबरत असतील.

"सगळीकडे एकसारखंच चुकलंय ना? मग सोपं आहे," ती म्हणाली. "माझ्या प्रत्येक केकमध्ये वेगळं चुकलंय. मला शिवता येत नाही काका, तरी तुमचं वाचताना मला सुई दिसली. बाजू तेवढी बदला."

दोन वर्षांत माझ्या लिहिण्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य. मी चहा प्यायलो. सांडला थोडा, पण प्यायलो.

घरी येऊन सुनेला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग माझं तोंड बघून थांबली आणि म्हणाली, बाबा, हे कॉम्प्युटर पाच मिनिटांत करेल. तिने सगळ्या 'उजवीकडे'चं 'डावीकडे' केलं. मग सगळ्या 'डावीकडे'चं 'उजवीकडे' केलं. झालं, एकशे बारा लेखांत जे काही होतं ते सगळंच उजवीकडे गेलं. जुनी प्रत होती म्हणून निभावलं. मग तीच म्हणाली, हे हातानेच करायला हवं.

दुसऱ्या दिवशी मी काउंटरच्या बाहेर आलो आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसलो. माझ्याच दुकानात त्या बाजूने मी कधी बसलो नव्हतो. सुरुवातीला हात भलतीकडेच जायचे. सून शेजारी बसून एकेक ओळ वाचायची, मी ती करून बघायचो, ती बदल टाइप करायची. जिथे माझा हात साथ द्यायचा नाही, तिथे ती वाचून स्वतः करायची, आणि तिलाही जमलं नाही तर वाक्य बदलायचं, असा आम्ही नियमच केला. पाच आठवडे लागले. तिने फोटोही काढले, तिचा हात स्थिर आहे.

मग मी चौदा जणांना एकेक पत्र लिहिलं. 'तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं. मी उलट्या बाजूला उभा होतो. सुईची चपटी बाजू डावीकडे ठेवून बघावी. माफ करा.' सगळ्यांना तेच, पण प्रत्येकाला वेगळं टाइप केलं. महिनाभर वाट पाहिली, नऊ जणांचं काहीच आलं नाही. तिघांनी कोरडं 'ठीक आहे' पाठवलं. नीट चारदा वाचणाऱ्या बाईंनी मशीन केव्हाच भंगारात दिली होती. ते वाचल्यावर त्या दिवशी मी पुढचं काही वाचलं नाही.

शेवटचा निरोप चाक उजवीकडे असलेल्या माणसाचा होता. तो मी सकाळी दुकान उघडल्यावर वाचला. त्याने लिहिलं होतं, की सुई फिरवली आणि टाका बसला. आईची मशीन आहे, तीन वर्षं बंद पडून होती. मग त्याने ब्लॉगवरचे बाकीचे लेखही पहिल्यापासून वाचून काढले आणि त्याप्रमाणे गल्लीतल्या दोन मशीन चालू करून दिल्या. आता शेजारच्या काकूंनी त्यांची आणून ठेवली आहे. चाक जड फिरतं, अर्ध्यात अडकतं. कुठून सुरुवात करू? खाली त्याने फोटो जोडला होता. सुईखालचं शटल उघडलेलं, स्क्रू एका बशीत ओळीने मांडलेले. मी शिकताना मांडायचो तसेच.

सुनेला हाक मारली तर तिनेच टाइप केलं असतं, पण हे मला माझ्याच बोटाने लिहायचं होतं. बोट थरथरत होतं, अक्षरं दोनदा चुकली, ती खोडून पुन्हा लिहिली.

'आधी एक सांगा. तुम्ही कुठल्या बाजूला बसला आहात?'