सदस्य वाहणारी जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. मळवली स्टेशन ते भाजे अशा फेऱ्यांत माझी उमर गेली. माझा मालक कोंडाजी मला रोज धुवायचा आणि दहाच्या जागी अठरा माणसं भरायचा. शेळ्या वाहिल्या, दुधाचे कॅन वाहिले, लेणी बघायला आलेले पाहुणेही वाहिले. पण जवळच्या एका गावाचे ग्रामपंचायत सदस्य वाहिले, त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा सरपंच सदस्यांनीच निवडायचा होता. सातजण होते. सरपंच व्हायला निघालेला प्रदीप आणि त्याचे दोघे, तसाच श्रीपती आणि त्याचे दोघे, आणि सातव्या शालनताई, ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या. पावसात ओढा फुगला की वस्तीच्या पोरांची शाळा बुडायची, म्हणून त्यांना ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता पूल, हवा होता. बाकी काही नको.

प्रदीपने आपल्या दोघांना आणि शालनताईंना माझ्यात कोंबून लोणावळ्याच्या एका बंगल्यावर नेलं. "चार दिवस सहल," म्हणाला. ते दोघे बाप्ये मोबाइल मुकाट त्याच्या हवाली करून भजी खात बसले. कोंबडीसुद्धा खुराड्यात कोंबताना फडफड करते हो!

मतदानाला परतताना शालनताई म्हणाल्या, "आदी साकवाचं बोल."

"मावशी, आदी खुर्ची, मग साकव."

"व्हय? मग खुर्ची तुला न्हाई."

त्यांनी श्रीपतीला मत दिलं. श्रीपतीला भाषण जमत नसे. गावाने त्याला कधीच निवडला नसता. पण वर्षात ओढ्यात दोन खांब उभे राहिले. मला वाटलं, ही रीत अगदीच वाईट नाही. तेवढ्यात प्रदीपने श्रीपतीचे दोघे फोडले, त्याच बंगल्यावर नेले, अविश्वास ठराव आणला आणि श्रीपती घरी बसला, साकवाचं काम तिथंच थांबलं. फुटलेल्यांना नेणारी मीच होते.

पुढे कायदा बदलला. सरपंच आता लोकच थेट निवडणार! सुटले बाई, असं मी म्हटलं. तर माझ्या टपावर स्पीकर चढले. प्रदीपने मटणाच्या पंगती उठवल्या आणि तो निवडून आला. वस्तीची मतं चाळीस, त्यांना विचारतो कोण? वर सदस्य त्याच्यावर रुसलेले, कारण आता त्यांना बंगल्यावर कुणी नेईना. त्याच्या सभेत कुठलाही ठराव आला, अगदी शालनताईंचा साकवाचासुद्धा, की ते हात खाली ठेवायचे. खांब तसेच उभे राहिले.

माझं इंजिन बसलं तेव्हा कोंडाजीने मला ओढ्याकाठी आणून टाकलं. माझ्या बॉनेटवर बसून गावचे शहाणे वाद घालतात. एक म्हणतो, "सरपंच लोकांनीच निवडावा, मंजी सदस्य पळवता येत न्हाईत." दुसरा म्हणतो, "सदस्यांनी निवडला तर काढता तरी येतो." दोघांचंही खरं आहे. ओढ्याकडे मात्र दोघांचीही पाठ असते.

यंदा शालनताईंनी कोंडाजीला विचारून माझ्या टपाचं कॅरिअर काढलं, त्यावर फळ्या ठोकल्या आणि वस्तीतल्या माणसांनी ते खांबांवर तारांनी आवळलं. वाद घालणारे बघत होते.

शालनताई म्हणाल्या, "कसाबी निवडा. पन त्येला पयलं ह्यावरनं चालवा."

एकही पुढे झाला नाही.

मित्रांनो, कॅरिअरला गंज चढतोय. पावसाआधी कुणीतरी त्याला रंगाचा हात मारा. पुढाऱ्यांसाठी मी काही मागत नाही. पण सकाळी सातला वस्तीतली पोरं त्यावरून शाळेत जातात.